सोळा आण्यांचें गणित

मराठी माणूस आपल्या विश्वासाचें माप आण्यांत सांगतो. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले आणि आणा व्यवहारांतून हळूहळू निघून गेला. आमच्या विद्यार्थ्यांनीं तर तो डोळ्यांनींहि पाहिलेला नाहीं. तरी एखादी बातमी निःसंशय असली म्हणजे ती 'सोळा आणे खरी' असते, पीक भरघोस आलें म्हणजे तें 'सोळा आणे' येतें, आणि महसूल खात्यानें तर अख्ख्या गांवाच्या पिकाची 'आणेवारी' काढण्याची रीतच पाडून ठेविली. तिला आतां 'पैसेवारी' म्हणतात. वर्धा जिल्ह्यांतला शेतकरी तिच्याकडे एवढ्याचसाठीं पाहतो कीं, आंकडा पन्नास पैशांच्या खालीं गेला तर टंचाईच्या सवलतींची आशा, वर राहिला तर ती नाहीं. ज्या भाषेनें खात्रीचे सोळा भाग पाडले आणि अपुऱ्या खात्रीस त्यांतले कांहीं भाग देऊं केले, त्या भाषेला संभाव्यतेचें शास्त्र अगदींच परकें वाटूं नये, असें आम्हांस वाटतें.

आणि तरी तें परकें वाटतें खरें. या जिल्ह्यांतल्या एका महाविद्यालयांत आम्ही पंचवीसएक वर्षें संख्याशास्त्र शिकवीत आलों आहों. सेलू, देवळी, समुद्रपूर, हिंगणघाट या बाजूंनीं सकाळच्या एस. टी.नें येणारीं मुलें-मुली समोर बसतात. त्यांतल्या पुष्कळांच्या घरीं कापूस आणि सोयाबीन आहे. सरासरी, मध्यक, आलेख इथपर्यंत त्यांची गाडी सुरळीत चालते. संभाव्यतेचें प्रकरण आलें कीं ती अडते. कारण पुस्तक त्यांच्यापुढें ठेवतें काय, तर एक नाणें, दोन फांसे आणि बावन्न पत्त्यांचा कॅट. 'कॅटांतून एक पान काढलें, तें गुलाम असण्याचा संभव किती?' एका मुलीनें उभें राहून अत्यंत गंभीरपणें विचारलें, "सर, एका कॅटांत गुलाम किती असतात?" तिच्या घरीं पत्त्यांस हात लावण्याची बंदी होती. मागच्या बांकावरून एका मुलानें तत्काळ उत्तर दिलें आणि वर्ग आपल्याकडे पाहूं लागतांच मान खालीं घातली. घरचें चांगलें वळण हेंच गणिताच्या आड यावें, असा हा एकच विषय असेल.

पत्त्यांचा आणि फांशांचा हा सोस पुस्तकांनीं उगाच घेतलेला नाहीं. या शास्त्राचा जन्मच जुगाराच्या पटावर झाला. डाव अर्ध्यावर मोडला तर पणाची रक्कम दोघां खेळाडूंत कशी वांटावी, या प्रश्नावर पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांत १६५४ सालीं जो पत्रव्यवहार झाला, तेथून त्याची वंशावळ सुरू करण्याचा प्रघात आहे. पण फ्रान्सांतला फांसा फ्रान्सांत ठीक. आमच्याकडे प्रत्येक आजीच्या फडताळांत चार कवड्या असतात, आणि अष्टाचंग्याचा पट खडूनें कोणत्याहि ओसरीवर आंखतां येतो. म्हणून आम्ही पुस्तक मिटून ठेवतों आणि टेबलावर चार कवड्या टाकतों.

खेळ सर्वांस ठाऊकच आहे. एक कवडी उताणी पडली तर एक, दोन पडल्या तर दोन, तीन पडल्या तर तीन. चारहि उताण्या म्हणजे चंगा, चारहि पालथ्या म्हणजे अष्टा. आम्ही विचारतों, 'चंगा पडण्याचा संभव किती?' पहिलें उत्तर दरवर्षीं एकच येतें: 'प्रकार पांच आहेत, म्हणून पांचवा हिस्सा.' उत्तर चुकीचें असलें तरी त्याला हंसण्याचा अधिकार फारच थोड्यांस आहे. अठराव्या शतकांतला दालांबेर हा मोठा गणिती, पण त्यानेंहि १७५४ सालीं फ्रेंच विश्वकोशांत याच जातीचें उत्तर लिहिलें. नाणें दोनदां उडविलें तर एकदां तरी छापा पडण्याचा संभव तीनांत दोन, असें तो म्हणाला; कारण पहिल्याच खेपेस छापा पडला तर पुढें उडविण्याचें कारण राहत नाहीं, म्हणून त्यानें तीनच प्रकार मोजले, आणि ते तीन एकमेकांच्या तोलाचे नाहींत याकडे त्याचें लक्ष गेलें नाहीं. खरें उत्तर चारांत तीन.

मग आम्ही प्रत्येक कवडीस नांव देतों: पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येकीच्या पडण्याच्या तऱ्हा दोन. म्हणून चौघींच्या मिळून दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे सोळा. एकहि उताणी नाहीं अशी तऱ्हा एक; एकच उताणी अशा चार; दोन उताण्या अशा सहा; तीन उताण्या अशा चार; चारहि उताण्या अशी पुन्हां एक. एक, चार, सहा, चार, एक. फळ्यावर बेरीज सोळा झाली कीं आम्ही म्हणतों, 'आतां हे आणे समजा.' चंगा ही एक आण्याची गोष्ट, अष्टा ही एक आण्याची, एक किंवा तीन पडणें प्रत्येकीं चार आण्यांची, आणि दोन पडणें सहा आण्यांची. कांहींतरी पडणारच, ही सोळा आणे. अष्टा किंवा चंगा यांपैकीं कांहींहि चालणार असेल, तर दोन्ही एकदम पडूं शकत नाहींत म्हणून आणे मिळवावयाचे: दोन आणे. लागोपाठ दोन चंगे हवे असतील, तर आण्याचाहि आणा: दोनशें छपन्नांत एक. मिळवणीचा आणि गुणाकाराचा असे जे दोन नियम पुस्तकांत दोन स्वतंत्र चौकटींत छापलेले असतात, ते एवढेच आहेत. ज्या पोरांनीं सुट्टीचे दिवस ओसरीवर काढले आहेत, त्यांना दोनाचें दान उठतां बसतां पडतें आणि चंग्यासाठीं जीव टांगणीस लागतो, हें पास्कालचें नांवहि ऐकण्यापूर्वीं ठाऊक असतें. तें कां, एवढेंच आम्हांस सांगावयाचें राहतें.

एखादें चौकस पोर मात्र येथेंच अडवतें. कवडीची एक बाजू फुगीर, दुसरी चिरेची. ती उताणी आणि पालथी सारख्याच वेळां पडेल हें कशावरून? प्रश्न सोळा आणे बरोबर आहे. कवडीचा कल कोणत्या बाजूस आहे हें त्या कवडीच्या घडणीवर अवलंबून. आपण 'सारखा संभव' धरला तो हिशेबाच्या सोयीसाठीं. अशा वेळीं विचारांत बसून भागत नाहीं, टाकून पाहावें लागतें. दुसऱ्या महायुद्धांत जॉन केरिक नांवाचा एक गणिताचा अध्यापक डेन्मार्कमध्यें अडकून पडला आणि जर्मनांच्या अंमलाखालीं स्थानबद्ध झाला. हातांत वेळ भरपूर. त्यानें एक नाणें दहा हजार वेळां उडविलें आणि प्रत्येक खेप टिपून ठेविली. छापा पडला ५,०६७ वेळां. निम्म्यास इतकें जवळ येणें हा जो मोठ्या संख्येचा नियम, त्याची सिद्धता याकोब बेर्नुली या स्विस गणितज्ञानें दिली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, १७१३ सालीं, छापली गेली.

केरिकच्या आंकड्यांत लोक बहुधा निम्मे पाहतात. आम्ही मुलांना त्यांतले वरचे सदुसष्ट पाहावयास सांगतों. नाण्यानें ते सदुसष्ट परत केले नाहींत. छापे जास्त पडले म्हणून पुढें मुद्दाम कांटे पाडून त्यानें हिशेब चुकता केला नाहीं. ते सदुसष्ट जेथल्या तेथें राहिले. दहा हजारांच्या राशींत ते दिसेनासे झाले, एवढेंच. मोठ्या संख्येचा नियम जुनें देणें फेडीत नाहीं, तें बुडवून टाकतो. १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्रीं माँटे कार्लोच्या जुगारगृहांत चक्राची गोळी लागोपाठ सव्वीस वेळां काळ्या घरांत पडली. 'आतां तरी तांबडें येणारच' म्हणून पैसे लावणारांची दर खेपेस अधिकाधिक धूळधाण होत गेली. गोळीला मागच्या फेरीची आठवण नव्हती.

हें सगळें वर्गांत शिकवून झालें म्हणजे तें ऐकणारांच्या घरीं जाऊन पाहावें. दोन-तीन वर्षांमागें जूनच्या आरंभीं आम्ही देवळीकडच्या एका गांवीं विद्यार्थ्याच्या घरीं गेलों होतों. वडील वावरांतच भेटले. त्यांचा विचार धूळपेरणीचा होता. पाऊस येण्याआधींच कोरड्या जमिनींत सरकी टोबून ठेवावयाची. पाऊस वेळेवर आला आणि टिकला, तर कापसाला आठ-पंधरा दिवसांची आघाडी मिळते. येऊन मध्येंच उघडला, तर कोंब जळतात, बी जातें आणि दुबार पेरणी कपाळीं येते. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत पेरूं नका, असें कृषि खातें दरवर्षीं कानीं कपाळीं ओरडून सांगतें. आम्हीं तें पुन्हां सांगितलें.

ते म्हणाले, "सर, तीन सालं झाले, पह्यल्या पान्यानं दगाच देल्ला. आतां चौथ्या सालीबी देईन काय? कुठं तरी फिटलंच पायजे."

मुलगा आमच्याच वर्गांतला. तो आमच्याकडे पाहून हंसला आणि म्हणाला, "बाबा, पान्याले मागची याद नसते."

"पान्याले नसन, बेटा," ते शांतपणें म्हणाले, "बँकेले असते."

या उत्तरावर आम्हीं पुष्कळ विचार केला आहे. कवडीच्या हिशेबानें त्यांचें पहिलें वाक्य चुकीचें होतें. तीन वर्षें दगा दिला म्हणून पाऊस चौथ्या वर्षीं कोणाचें देणें लागत नाहीं. परंतु दुसरें वाक्य निराळ्याच गणितांतलें होतें, आणि आमच्या पाठ्यपुस्तकांत तें बहुधा येत नाहीं. तें आम्ही शेवटीं घेऊं. आधीं पावसाविषयीं थोडें.

पाऊस कवडीसारखा आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. कवडी टाकतांना बाहेर ऊन आहे कीं सावली, यानें तिच्या पडण्यांत फरक होत नाहीं. पावसाचें तसें नाहीं. विषुववृत्ताजवळच्या पॅसिफिक महासागराचें पाणी नेहमींपेक्षां तापलें, ज्यास आतां सगळे एल निनो म्हणून ओळखतात, तर आपल्या मोसमी पावसांत तूट येण्याचा संभव वाढतो. वाढतो, एवढेंच, ठरत नाहीं. १९९७ सालीं पॅसिफिक अतिशय तापलेला होता आणि हिंदुस्थानांत पाऊस सरासरीहून किंचित् अधिकच पडला. वेधशाळा आतां मोसमाचा अंदाज तुटीपासून अतिवृष्टीपर्यंत पांच वर्ग पाडून प्रत्येकाच्या संभवासकट देते, म्हणजे एका परीनें आणेवारीच देते. वर्तमानपत्राच्या मथळ्यांत शिरतांना मात्र त्यांतले आणे गळून पडतात आणि 'यंदा पाऊस चांगला' एवढेंच गांवीं पोंचतें. अंदाज फसला म्हणून लोक वेधशाळेस हंसतात; पण तिनें सोळा आणे कधींच सांगितलेले नसतात.

'अमुक झालें असतां तमुक होण्याचा संभव', ज्यास पुस्तकांत सशर्त संभाव्यता म्हणतात, ती समजण्यास धूळपेरणीइतकें उत्तम उदाहरण आम्हांस सांपडलेलें नाहीं. समजा, गांवांत शंभर शेतकरी आहेत. दहाजणांनीं धूळपेरणी केली, त्यांतल्या सहांचें बी गेलें. नव्वदजण थांबले, त्यांतल्याहि नऊजणांचें गेलें. पारावर बसून हिशेब केला तर बी गेलेले पंधरा. त्यांत थांबणारे नऊ आणि घाई करणारे सहाच. मग कोणीतरी पुढारी म्हणतो, 'पाहा, बुडालेल्यांत जास्त तर थांबणारेच आहेत! थांबून काय मिळालें?' ऐकणारांस तें पटतें. वास्तविक घाई करणारांत दहांपैकीं सहा बुडाले आणि थांबणारांत दहांपैकीं एक. 'बुडालेल्यांपैकीं घाईचे किती' आणि 'घाई करणारांपैकीं बुडाले किती' हे दोन प्रश्न दिसावयास जुळे भाऊ, पण एकाचें उत्तर दुसऱ्याच्या दारीं नेऊन चालत नाहीं. परीक्षेंत या प्रश्नावर सर्वांत जास्त गुण जातात. परीक्षेबाहेर काय काय जातें, याची मोजदाद कोणी केलेली नाहीं.

आतां हे 'शंभरांत इतके' सांगणारे आंकडे येतात कोठून? साऱ्या जिल्ह्याचें पीक कोणी तोलून पाहूं शकत नाहीं. थोडें मोजून पुष्कळ ओळखावें लागतें. आणि या विद्येची सर्वांत जुनी गोष्ट आमच्या विदर्भाच्याच वाटेवर घडलेली आहे, हें सांगतांना आम्हांस प्रांताभिमानाचा थोडा मोह होतो. महाभारताच्या वनपर्वांतलें नलाख्यान घराघरांत ठाऊक आहे. द्यूतांत राज्य हरलेला नल बाहुक या नांवानें अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला होता. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून राजा विदर्भाकडे, कुंडिनपुराकडे निघाला. आर्वीच्या बाजूनें वर्धा नदी ओलांडली म्हणजे पैलतीरीं जें कौंडण्यपूर लागतें, तेंच तें, असें परंपरा मानते. वाटेंत एक बेहड्याचें झाड लागलें. ऋतुपर्णानें त्याकडे एकदां पाहिलें आणि दोन फांद्यांवर पानें पांच कोटी व फळें दोन हजार पंचाण्णव आहेत, असें सांगून टाकलें. बाहुकाला तें खरें वाटेना. त्यानें रथ थांबविला, झाड तोडलें आणि फळें मोजलीं. तीं तितकींच भरलीं. तेव्हां राजा म्हणाला कीं, आपणांस फांशांचें मर्म अवगत आहे आणि गणनेंतहि आपण निपुण आहों. त्या अक्षविद्येच्या बदल्यांत नलानें अश्वविद्या देऊं केली. आणि ती विद्या मिळतांच त्याच्या अंगांत दडून बसलेला कली बाहेर पडून त्याच बेहड्यांत शिरला.

पांच कोटी पानांवर आम्ही वाद घालणार नाहीं. व्यासांना मोठ्या आंकड्यांचें वावडें नव्हतें. आमचें लक्ष जातें तें दुसरीकडे. झाडाच्या फळांचा अंदाज आणि फांशांचें दान यांत साधा वाचक कांहींच नातें पाहणार नाहीं. कथाकारानें मात्र त्या दोन विद्या एकाच माणसाच्या ठायीं, एकाच संवादांत ठेवल्या आहेत. इयन हॅकिंग या कॅनडाच्या तत्त्वज्ञानें संभाव्यतेच्या उगमावर १९७५ सालीं जें पुस्तक लिहिलें, त्यांत या प्रसंगाची मुद्दाम दखल घेतली आहे. आणि बेहड्याचीं फळें हेच प्राचीन काळचे फांसे असत, ही गोष्ट ध्यानीं घेतली म्हणजे तें झाडहि कथेंत उगाच आलेलें नाहीं हें उमगतें.

ऋतुपर्णाची विद्या आतां तलाठी आणि कृषि सहायक यांच्या हातीं आहे. जुनी आणेवारी नजरेनें ठरे, आणि नजर कोणाची यावर ती पुष्कळ अवलंबून असे. १९४० च्या दशकांत सातारा जिल्ह्यांतल्या बुध गांवचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं, आणि कापसाच्या संशोधनांत मुरलेले विनायक गोविंद पानसे यांनीं, यदृच्छेनें निवडलेल्या शेतांतलें पीक कापून तोलण्याची पद्धत शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. त्या दोघांनीं मिळून लिहिलेला, शेतकी संशोधकांसाठीं असलेला संख्याशास्त्राचा इंग्रजी ग्रंथ १९५४ सालीं निघाला. त्याच्या पानें सुटलेल्या प्रती आमच्या पिढीनें हाताळल्या आहेत. कोणतें शेत घ्यावयाचें आणि त्यांत चौकट कोठें आंखावयाची, हें यदृच्छ अंकांच्या कोष्टकावरून ठरतें. रस्त्याकांठचें सोयीचें वावर नाहीं, पाटलाचें नाहीं, ज्याच्या घरीं चहा मिळतो त्याचें नाहीं. चिठ्ठी निघेल त्याचें. कापूस एका वेळीं वेंचून होत नसल्यामुळें त्या चौकटींतला प्रत्येक वेचा निराळा तोलावा लागतो. ज्या यदृच्छेनें नलाचें राज्य घालविलें, तिलाच येथें पक्षपात टाळण्यासाठीं पहाऱ्यावर बसविलें आहे, याचें आम्हांस नेहमीं कौतुक वाटतें. नियम पाळले जातात तेथें ही पद्धत उत्तम चालते. ते सर्वत्र पाळले जातात, असें आम्ही शपथेवर सांगणार नाहीं.

या तोललेल्या चौकटींवरून महसूल मंडळाचें सरासरी उत्पन्न निघतें, आणि २०१६ पासून चालू असलेल्या पीकविम्याच्या योजनेंत भरपाईचा मुख्य आधार हीच सरासरी असतो. येथें काका बेर्नुलीचा नियम पूर्ण तेजानें तळपतो. विमा कंपनीजवळ हजारों शेतें, अनेक जिल्हे आणि अनेक हंगाम असतात. एका ठिकाणचा तोटा दुसऱ्या ठिकाणच्या हप्त्यांत बुडून जातो; केरिकच्या सदुसष्ट छाप्यांसारखा तो कोणास दिसत नाहीं. दुष्काळ साऱ्या मुलखावर एकदम येतो, कवड्यांसारखा सुटा सुटा येत नाहीं, ही कंपनीचीहि अडचण आहे. पण तिच्यासाठीं पुनर्विमा आहे, सरकार आहे.

शेतकऱ्याजवळ काय आहे? विसाव्या वर्षीं नांगर हातीं घेतला आणि पासष्टाव्या वर्षीं ठेवला, तरी त्याच्या वांट्यास उणेपुरे पंचेचाळीस मृग येतात. मोठ्या संख्येच्या नियमाला ही संख्या मोठी वाटत नाहीं. शिवाय त्यांतले तीन वाईट मृग लागोपाठ आले, तर उरलेल्यांची वाट पाहण्यास तो वावराचा मालक राहीलच असें नाहीं. नाणें दहा हजार वेळां उडविणाऱ्या केरिकजवळ हरण्यासारखें कांहीं नव्हतें. आणि मंडळाची सरासरी बरी भरली, पण नाल्याकांठचें त्याचें एकट्याचें वावर खरडून गेलें, तर सरासरीला त्याची गंधवार्ताहि नसते. सरासरी मंडळाची असते. घर बुडतें तें एकाचें.

'बँकेले असते' या उत्तराचा अर्थ हा आहे, आणि त्याला गणितांत आधार नाहीं असें नाहीं. याकोबचा पुतण्या दानियल बेर्नुली यानें १७३८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. (शनिवारवाड्यापासून आजतागायत काका-पुतण्यांच्या गोष्टी महाराष्ट्रानें पुष्कळ पाहिल्या; बाझलच्या या काका-पुतण्यांत निदान विषय तरी वांटून घेतलेला दिसतो.) त्यांत तो विचारतो: एका अत्यंत गरीब माणसाच्या हातीं असें एक तिकीट आलें कीं, निम्मा संभव वीस हजार डुकाट मिळण्याचा, निम्मा कांहींच न मिळण्याचा. हिशेबानें तिकिटाची किंमत दहा हजार. त्यानें तें नऊ हजारांस विकून टाकलें तर तो वेडा काय? दानियल म्हणतो, मुळींच नाहीं; आणि तेंच तिकीट नऊ हजारांस विकत न घेणारा श्रीमंत मात्र वेडा. कारण रुपयाची किंमत प्रत्येकाच्या घरीं सारखी नसते. ज्याच्याजवळ थोडें आहे त्याला गेलेला रुपया मिळालेल्या रुपयापेक्षां कितीतरी जड वाटतो. काकानें राशींचें गणित सांगितलें, पुतण्यानें घराचें सांगितलें. आमच्या अभ्यासक्रमांत काकाचा नियम सक्तीचा आहे. पुतण्याचा निबंध वाणिज्याच्या वरच्या वर्गांत कोठें कोठें ओझरता येतो. शेतकऱ्यांच्या पोरांच्या पहिल्या वर्षांत येत नाहीं.

या गणितानें तरी त्या दिवशींची धूळपेरणी शहाणपणाची ठरते काय? आमच्या मतें नाहीं; उलट पुतण्याचा नियम तर थांबा असेंच सांगेल, कारण गेलेलें बी त्या घराला फार जड होतें. पण कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेला मागावयास येतो, पिकाची आघाडी हीच एक सुटकेची फट दिसते, आणि आधींच बुडालेला माणूस लहान तोट्यापेक्षां मोठ्या डावाकडे वळतो, हेंहि आम्ही पाहिलें आहे. त्याला 'संभव स्वतंत्र असतात' एवढें सांगून घरीं येणें म्हणजे अर्धेंच उत्तर देणें होय. सबंध चार एकर एकाच दानावर लावूं नयेत, एवढें आम्हीं त्यांस म्हटलें. ते म्हणाले, "तेवढं तं मले कयते, सर." आणि उठून आम्हांस वावर दाखवूं लागले.

दानियलच्या त्याच निबंधांत सेंप्रोनियस नांवाचा एक व्यापारी आहे. परदेशांतला माल त्याला समुद्रावरून घरीं आणावयाचा असतो, आणि दहांतलें एक जहाज बुडतें. सगळा माल एका जहाजांत घालण्याऐवजीं निम्मा एकांत, निम्मा दुसऱ्यांत घातला, तर सरासरी तीच राहूनहि त्याची धास्ती किती कमी होते, हें दानियलनें आंकडे मांडून दाखविलें आहे. त्या वावरांत वडील धुऱ्यावरून चालत आम्हांस बोटानें दाखवीत होते: खालचा अर्धा तुकडा धुळींत टोबावयाचा, वरचा पाऊस मुरल्यावर, आणि दोन्हींकडे कापसाच्या कांहीं तासांनंतर एक तास तुरीचें. कापसानें दगा दिला तर तूर, तुरीवर अळी पडली तर कापूस. हें कोणीं शिकविलें, असें आम्हीं विचारलें. "शिकवते कोन? बाप असंच टोबे," ते म्हणाले, आणि तुरीचें बी काढण्यासाठीं खोपटाकडे वळले. मुलगा वहींत तासांचें प्रमाण लिहून घेत होता.